बांधलेलं टर्बो इंजिन मुंबईत रुळवताना

इंजिनकाम झालेली, म्हणजे इंजिन उघडून पुन्हा बांधलेली गाडी हातात देताना गॅरेजवाला बहुतेक वेळा एकच सूचना देतो: "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." मालक ती मनापासून पाळतो. रोज अंधेरी ते बीकेसी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, सिग्नलला इंजिन चालू ठेवून. थोड्याच दिवसांत सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागतो, डिपस्टिकवर तेल खाली जातं आणि दोष नव्या रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर जातो. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत नव्याने बांधलेल्या इंजिनाचं नुकसान वेगापेक्षा रांगण्याने जास्त होतं. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा असलेल्या इंजिनाच्या बाबतीत तर ही चूक फारच महाग पडते. म्हणून पुढचं सगळं नीट वाचा आणि शक्य असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा.

आधी आत काय घडतं ते पाहू. बोअर केल्यावर, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा रुंद केल्यावर, त्याला होनिंग करतात, म्हणजे पाट्याला टाकी लावावी तशा भिंतीवर बारीक तिरक्या रेघा पाडतात. त्या रेघांमध्ये तेल टिकतं आणि रेघांच्या वरच्या धारा रिंगांशी घासून सपाट होतात. असं झालं की रिंग बसली. पण वरची रिंग नुसत्या स्वतःच्या ताणावर भिंतीला पुरेशी टेकत नाही. इंधन जळल्यावर तयार होणारा दाब रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. दाब कमी म्हणजे रिंग ढिली. ढिल्या रिंगेच्या बाजूने गरम वायू खाली उतरतात, भिंतीवरचं तेल भाजतं आणि त्याचा काचेसारखा चकचकीत थर बसतो. रेघा एकदा अशा बुजल्या की नंतर कितीही चालवा, रिंग बसत नाही. इंजिन उघडून पुन्हा होनिंग करणं एवढाच उपाय उरतो. आयडलवर उभी गाडी आणि चाळीसच्या वेगाने लाडाने चालवलेली गाडी, दोन्हींत हा दाब अपुरा असतो.

तेव्हा नव्या इंजिनाला मध्यम ओझं द्यायचं, म्हणजे पाय दाबून जोर लावायला लावायचं, मधूनमधून सोडायचं आणि तापू द्यायचं नाही. बाकीच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

गाडी ताब्यात घेण्याआधी

बिलावर नुसतं "इंजिनकाम" लिहिलेलं घेऊ नका. लेथवाल्याने बोअर किती वाढवलं, पिस्टन कोणत्या साइझचे टाकले, रिंगेचा गॅप (टोकांमधली फट) किती ठेवला, क्रँकशाफ्टच्या मेन आणि बिग एंड बेअरिंग कोणत्या साइझच्या, हे लिहून घ्या. पार्टचे रिकामे खोके मागून घ्या. हेड बोल्ट (सिलिंडरांवरचं झाकण पकडणारे) नवे आहेत का, ते आवर्जून विचारा. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड बोल्ट घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात, त्यामुळे ते पुन्हा वापरायचे नसतात आणि पाचशे किलोमीटरनंतर "परत टाइट" करायचेही नसतात. जुन्या धाटणीच्या इंजिनांत ते करावं लागायचं, टॅपेट सेटिंगबरोबर (व्हॉल्व्हची फट जुळवणं). तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे हे मेकॅनिकला माहीत हवं.

शहरातल्या गॅरेजमध्ये १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल नेहमी दिसतं. स्विफ्ट, डिझायर, विस्टा, लिनिया, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत १२४८ सीसीचं हेच इंजिन होतं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण रस्त्यावरच्या गाड्या तशाच चालू आहेत. खालचे आकडे मी अशाच छोट्या टर्बो डिझेलला धरून दिले आहेत. टर्बो पेट्रोलसाठी कुठे काय बदलतं ते त्या त्या जागी सांगतो.

इंजिन उघडायची वेळ का आली, याचं उत्तरही महत्त्वाचं आहे.

जुना टर्बो फुटला होता का? मग त्याचं तेल इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) साचलेलं असणार, सोबत पंख्याचे तुकडेही. इंटरकूलर आणि त्याचे पाइप उतरवून धुतले आहेत याची डोळ्यांनी खात्री करा. तिथे तेल राहिलं तर डिझेल इंजिन ते ओढून त्यावरच पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. असं झालंच तर वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. जमलं नाही तर हवेच्या तोंडावर फळी दाबायची. हात कधीच लावू नका.

बेअरिंग गेली होती का? मग ऑइल कूलर बदललेला बरा. त्याच्या बारीक वाटांत अडकलेले धातूचे कण धुऊन पूर्णपणे निघत नाहीत आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये येतात.

पावसात पाणी शिरलं होतं का? हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल ही नावं पावसाळ्यात कुणाला सांगायला नकोत. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड "सरळ करून" बसवला असेल तर गाडी घेऊ नका, नवा टाकायला सांगा. इंटरकूलर, एअर फिल्टरचा डबा आणि पाइप सुकवलेले हवेत.

टर्बोला तेल नेणारी बारीक नळी नेहमी नवी टाका. जुनीच्या आत तेलाची काजळी जमलेली असते. ती बाहेरून दिसत नाही, पण नव्या टर्बोला तहानलेला ठेवते. तिच्या जोडावर सिलिकॉनचा लेप लावू देऊ नका, गॅस्केट किंवा वॉशरच हवं. लेपाचा सुटलेला तुकडा थेट टर्बोच्या बेअरिंगमध्ये जातो. आणि डिझेल असेल तर इंजेक्टर तपासल्याशिवाय परत बसवू नका. ठिबकणारा इंजेक्टर भिंतीवरचं तेल धुऊन टाकतो आणि नव्या रिंगा कोरड्या घासतात.

तेल भरणं आणि टर्बोला पाजणं

पहिल्या पाचशे किलोमीटरसाठी साधं मिनरल तेल घ्या, हँडबुकमध्ये चालतात त्या ग्रेडपैकी. फुल सिंथेटिक इतक्या लवकर नको, असं माझं मत आहे. काहीजण म्हणतील की कारखान्यातून आलेल्या नव्या गाड्यांत सिंथेटिकच असतं. खरं आहे, पण तिथे होनिंगच्या धारा मशीनवरच सपाट करून येतात. तुमच्या लेथवाल्याने तसं केलं असेल तर फारसा फरक पडणार नाही, म्हणून त्याला विचारा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ डिझेलमध्ये, कमी राखेचं तेल सक्तीचं आहे. तिथे हँडबुकबाहेर जाऊ नका.

ऑइल फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर त्यात आधी तेल भरा. टर्बोच्या नळीचा जोड लावण्याआधी त्यात थोडं स्वच्छ तेल सोडा आणि पंखा बोटाने हलकेच फिरवा. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. कोरडे काही सेकंदही त्याला मारायला पुरतात.

मग इंधन बंद करून स्टार्टर मारायचा. पेट्रोलमध्ये प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि कॉइल सोडवा. डिझेलमध्ये इंजेक्टरचे कपलर काढा. एका वेळी दहा सेकंद, मध्ये स्टार्टर थंड व्हायला विश्रांती. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. ऑइलचा दिवा विझला की आणखी दोन-तीनदा मारा, म्हणजे तेल टर्बोपर्यंत पोचतं. मेकॅनिक कंटाळा करेल, "चालू केली की येतंच तेल" म्हणेल. तुम्ही तिथे उभे राहा.

कूलंटचं मिश्रण भरा, नळाचं पाणी नको. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सिस्टिममधली हवा काढायला लावा. हेडमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा नवं गॅस्केट जाळू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा बघा. ती थोडी उतरलेली असणं स्वाभाविक आहे.

आणखी एक खरेदी करा. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. लॅमिंग्टन रोडवर ब्लूटूथचा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं उपकरण) मिळतो, तो लावला की मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं.

पहिला स्टार्ट

हा गॅरेजमध्येच करा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा दिवा गेला पाहिजे. गेला नाही तर लगेच बंद. रेस करून दाखवू देऊ नका. ती सवय गॅरेजमध्ये फार आहे आणि नव्या टर्बोला तीच मारते.

सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमसाठी सुरुवातीलाच वीस मिनिटं दोन हजार आरपीएमवर ठेवावं लागतं. रोलरवाल्या आधुनिक इंजिनांना त्याची गरज नाही. फक्त इंजिन गरम होऊन फॅन एकदा लागेपर्यंत थांबा, टॉर्च घेऊन गळती बघा, टर्बोच्या दोन्ही तेल-नळ्या आणि कूलंटचे होज तपासा, स्कॅनर लावा. मग बंद करा आणि पातळ्या पुन्हा बघा. यानंतर गाडी सुरू केली की थेट रस्त्यावरच यायचं. इथून पुढचा प्रत्येक आयडलचा मिनिट वाया जातो.

नव्या इंजिनातून पहिल्या दिवशी थोडा धूर आणि जळका वास येतो, बांधताना लागलेलं तेल-ग्रीस जळत असतं. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर कूलंट जळतंय, गाडी बाहेर काढू नका.

पहिले पन्नास किलोमीटर

सगळ्यात मोलाचे हेच. आणि मुंबईत हे मिळवण्यासाठी आखणी लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गॅरेजमधून संध्याकाळी सहाला गाडी घेतली तर हे पन्नास किलोमीटर एलबीएस मार्गावरच्या ट्रॅफिकमध्ये संपतील. गाडी रात्री तिथेच राहू द्या. रविवारी पहाटे साडेपाचला घ्यायची व्यवस्था करा. गॅरेज बंद असेल तर आदल्या रात्री उशिरा घ्या.

आधी गॅरेजच्या आसपास चार-पाच किलोमीटर फिरून परत या आणि खाली वाकून बघा. ही फेरी टाळून सरळ पुलावर जाऊ नका. ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू दोन्ही मोकळे आहेत, पण तिथे गाडी थांबवता येत नाही, आणि होज सुटला तर अडचणीत याल. सगळं कोरडं असेल तर निघा. फ्रीवे सुमारे सतरा किलोमीटर, मर्यादा ८०. अटल सेतू सुमारे बावीस किलोमीटर, मर्यादा १००. जाऊन-येऊन काम होतं. नवी मुंबईत राहत असाल तर उलवे-उरणकडचे रुंद रस्ते सकाळी याहून सोयीचे, कारण तिथे बाजूला थांबता येतं.

आता पद्धत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमच्या आसपास या. अॅक्सिलरेटर अर्धा ते दोन-तृतीयांश, सावकाश पण ठामपणे दाबा आणि गाडी २८०० ते ३००० पर्यंत चढू द्या. मग पाय पूर्ण काढा. क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका, गाडी गिअरमध्येच आपोआप १८०० पर्यंत उतरू द्या. छोट्या डिझेलमध्ये हे साधारण ४० ते ७० च्या वेगात होतं, म्हणजे मर्यादा मोडावी लागत नाही. असं दहा-बारा वेळा करा, प्रत्येक वेळी मागची गाडी आरशात बघून. मग काही किलोमीटर हलक्या पायाने चालवून थंड होऊ द्या आणि पुन्हा एक फेरा.

टर्बो साधारण याच टप्प्यात जोर धरतो. त्याला घाबरू नका. मध्यम बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेली हवा, म्हणजेच रिंगेमागचा दाब. पेट्रोलमध्ये हाच खेळ २००० ते ३५०० किंवा ४००० पर्यंत करा. पेट्रोलला पाय काढण्याचा आणखी एक फायदा होतो: थ्रॉटल बंद झाल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, खालचं तेल थोडं वर ओढलं जातं आणि घासून निघालेले कण धुतले जातात. डिझेलमध्ये तशी पोकळी होत नाही. तिथे पाय काढणं म्हणजे भिंतींना थंड व्हायला वेळ देणं.

दोन गोष्टी अजिबात नकोत. फुल अॅक्सिलरेटर, आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर गाडी गुदमरत ओढणं. दुसरी गोष्ट लोकांना सौम्य वाटते, पण बेअरिंगवर तीच जास्त मार देते.

तापमान नव्वदच्या आसपास राहील, फॅन लागताना थोडं वर-खाली होईल. १०५ च्या वर जायला लागलं तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, सुरक्षित जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

घरी आलात की पार्किंगमध्ये गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा पडला यावरून गळती लगेच कळते.

पन्नास ते पाचशे

शक्य असेल तर आता तेल आणि फिल्टर बदला. पन्नास-शंभर किलोमीटरला तेल बदलणं अनेकांना उधळपट्टी वाटते. छोट्या इंजिनात तीन-चार लिटर तेल लागतं. बांधणीत राहिलेली घाण आणि रिंगांनी घासलेला धातू या तेलातच असतो आणि टर्बोची बेअरिंग तेच तेल पिते. मला हा खर्च इंजिनकामाच्या बिलातला सर्वात स्वस्त विमा वाटतो.

जुना फिल्टर फेकू देऊ नका. कापून आतला कागद उघडा आणि उन्हात धरा. बारीक करड्या भुकटीची चकाकी चालते. नखाने उचलता येतील असे चंदेरी किंवा तांब्याच्या रंगाचे पापुद्रे दिसले तर बेअरिंग सोलली जात आहे. गाडी तिथेच थांबवा. लोहचुंबक फिरवा, चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर बेअरिंगचा थर किंवा अॅल्युमिनियम.

या टप्प्यात रोजची गाडी म्हणून वापरायला हरकत नाही, पण वाट निवडा. दुपारी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर तासभर अडकण्यापेक्षा सकाळी सातला निघा. पूर्ण वेग टाळा, डिझेल ३००० च्या आत ठेवा, एकाच वेगावर क्रूझ कंट्रोल लावून बसू नका. ट्रॅफिक टाळता आलंच नाही तर परतीच्या वाटेवर दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर वरची पद्धत पुन्हा करा.

रोज सकाळी, सपाट जागेवर, डिपस्टिक बघा. पातळी थोडी उतरणं अपेक्षित आहे. वर चढत असेल तर मात्र काळजी करा. डीपीएफच्या गाड्यांत शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. नव्या बेअरिंगसाठी हे फार वाईट. असं दिसलं तर तेल बदला आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवा.

पाचशे ते दीड हजार, आणि घाट

पाचशेला पुन्हा तेल-फिल्टर. मग मर्यादा हळूहळू वर न्या, दर शंभर-दोनशे किलोमीटरला थोडा थोडा पाय जास्त. पूर्ण अॅक्सिलरेटर हजारनंतर, तोही काही सेकंदांसाठी.

बोर घाट किंवा कसारा पाचशेच्या आत नको. घाटात ओझं मिनिटामागून मिनिट सुटत नाही, गरमी साठत जाते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे ट्रकमागे रांगावं लागतं. पाचशेनंतर जा, चार माणसं आणि सामान न घेता, खालच्या गिअरमध्ये इंजिन मोकळं फिरेल असं. उतरतानाही गिअरमध्येच.

घाट चढून लोणावळ्यात चिक्कीला थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो, तेलाचा प्रवाह थांबला की आत राहिलेलं तेल भाजून काजळी होते. मिनिटभर आयडल पुरे, दहा मिनिटं नाही. मुंबईत घरी पोचताना शेवटचा किलोमीटर गल्लीतून हळूच येतो, त्यामुळे तिथे वेगळं थांबायची सहसा गरज पडत नाही.

पावसाळा असेल तर साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि टोइंग बोलवा.

दीड हजारला

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढा. थोडी फुंकर असते, पण वाफेचा लोट येत असेल तर रिंगा बसलेल्या नाहीत. तेलाची पातळी एव्हाना स्थिरावली असेल तर आता हँडबुकमधलं नेहमीचं सिंथेटिक भरा आणि पुढची सर्व्हिस नेहमीच्या अंतराने. अजूनही तेल उतरत असेल तर सिंथेटिक थांबवा, मिनरलवरच आणखी पाचशे किलोमीटर, ओझं देऊन आणि सोडून चालवा. कधी कधी उशिरा बसतात. तरीही बसल्या नाहीत तर बिल, लेथचे आकडे आणि कॉम्प्रेशनचा कागद घेऊन गॅरेजमध्ये जा. वॉरंटीचं बोलणं कागद समोर ठेवूनच होतं.

ताकद वाढवायला रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करायचा किंवा ट्यूनिंग बॉक्स लावायचा असेल तर तो या टेस्टनंतरच, आणि आकडे चांगले आले तरच.